निलोफरची चेन तुटत नाही

"बाई, निलोफरची चेन कधीच तुटत नाही. माझीच का तुटते?"

हे मी विचारलं कारण प्रणोतीनं आणि जुईनं पैज लावली होती. मधल्या सुट्टीपासून दोघी माझ्या डोक्यावर बसल्या होत्या. "तू काय विचारणार, तुझी टरकते," प्रणोती म्हणाली. "आईलाच घाबरतीस, दुसऱ्या कुणाला काय बोलणार?" जुईनं तिखट-मीठ लावलं. आता दहावीत मी कुणालाही काहीही विचारते, मुख्याध्यापकांनासुद्धा. पण तेव्हा आठवीत होते, आणि देसाईबाईंना प्रश्न विचारायचा म्हणजे आधी तो मनात दहादा घोकायचे. तरी विचारला. हात कोपरापर्यंत डिझेलनं माखलेले, समोर चेन पसरलेली, आणि पडवीत सायकलच्या संघातल्या सगळ्या मुली कान टवकारून बसलेल्या.

बाईंनी मान वर केली नाही. जुईच्या सायकलचं मागचं चाक फिरवत म्हणाल्या, "कारण ती पेडल मारते आणि तू लाथा मारतेस."

सगळ्या खदाखदा हसल्या. पैज लावणाऱ्या दोघी सगळ्यांत जास्त. एकटी निलोफर हसली नाही. खाली मान घालून फडक्यानं कड्या पुसत राहिली, आणि मला त्याचाच जास्त राग आला. हसली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

या देसाईबाई म्हणजे माझी आई. आजऱ्याकडच्या आमच्या शाळेत ती खेळ शिकवायची. सकाळी घरातून दोघी बरोबर निघायचो, पण शाळेचं फाटक आलं की ती बाई आणि मी केतकी देसाई, आठवी ब. नियम तिचाच. एकदा मैदानावर माझ्या तोंडून चुकून 'आई' गेलं तर तिनं मला मैदानाला फेरी मारायला लावली. "इथं सगळ्या सारख्या," म्हणाली. सगळ्या सारख्या, हे ऐकायला छान वाटतं. नवी सायकल आली की ती दुसऱ्या कुणाला आणि मला जुनी. पाण्याच्या रांगेत मी शेवटी. कुणी उशिरा आलं तर ओरडा मलाच, कारण मी तिच्या घरातून येऊनही सगळ्यांना वेळेवर यायला सांगितलं नव्हतं.

आणि निलोफर मकानदार? तिचं गाव आमच्या गावापासून लांब, खोऱ्यात आत. शनिवारी पहाटे सराव असायचा आणि तेवढ्या लवकर तिकडून एसटी नव्हती, म्हणून दर शुक्रवारी ती आमच्या घरी मुक्कामाला. तिची अम्मी डब्यातून खोबऱ्याच्या वड्या पाठवायची. आई तव्यावरची पहिली फुगलेली भाकरी तिच्या ताटात टाकायची. "पाय दुखतात का गं? जिरेपाणी देऊ?" हे निलोफरला. मला, "गणिताचा गृहपाठ झाला?"

हेही मी चालवून घेतलं असतं. पण जर्सी? आईची एक जुनी जर्सी होती, निळी, पाठीवर खिसे असलेली. लग्नाआधी ती सायकलच्या राज्य स्पर्धेत उतरली तेव्हाची. लहानपणापासून मी ती कपाटात बघत होते, वास घेत होते. एका शुक्रवारी आईनं ती काढली, झटकली आणि निलोफरच्या अंगाला लावून बघितली. "हिला बरोबर बसते."

"मला?" मी म्हटलं.

"तुला सैल होते."

गुडघ्यापर्यंत आली असती तरी मी घातली असती. पण त्या घरात निलोफर पाहुणी आणि मी घरची, आणि घरच्या माणसानं मागायचं नसतं.

आता शुक्रवारबद्दल सांगायला हवं. शुक्रवारचा शेवटचा तास आमचा, सायकलच्या संघाचा. मागच्या पडवीत तेलाच्या डब्याचे पत्रे कापून केलेली ताटं मांडायची, त्यात डिझेल ओतायचं आणि चेन काढून धुवायच्या. धुताना बाईंचं सुरू असायचं. चेन कुठंही मधेच तुटत नाही, जिथं जोडलीय तिथं तुटते. एकदा काढलेली पिन परत ठोकून बसवायची नाही, ती ढिली होते आणि पट्टीला आतून खाते. चढाला उभं राहून सगळा जोर लावलेला असताना गिअर टाकायचा नाही. महागाची घ्या नाहीतर साधी घ्या, जी चेन नेमानं पुसली जाते, बघितली जाते, तीच भरवशाची. मला हे झोपेतही म्हणता आलं असतं.

पण या सगळ्यावर बाईंचा एक नियम होता, तो दुसऱ्या कुठल्याही शाळेत नसेल. आपली चेन आपण तपासायची नाही. धुवायची आपण, तपासायची दुसरीनं. "आपल्या वस्तूवर आपला जीव असतो. दिसलेलंही दिसत नाही," असं त्या म्हणायच्या. म्हणून जोड्या. तपासून झालं की उभं राहायचं आणि जोडीदारणीच्या चेनमधली खोट सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायची. खोट निघाली की मालकिणीची हजेरी, आणि दुरुस्त होईपर्यंत सायकल बाहेर काढायची नाही. वर्षाच्या सुरुवातीला बाईंनी जोड्या लावल्या तेव्हा माझ्या वाट्याला निलोफर आली आणि तिच्या वाट्याला मी.

खरं सांगते, मी तिची चेन जशी तपासायची तशी कुणी कुणाची तपासली नसेल. मला तिच्यात खोट सापडायलाच हवी होती. एकेक कडी बोटांत धरून वाकवायची. पेडलजवळच्या दातेरी चाकावरची चेन चिमटीत धरून ओढायची, दात उघडा पडतो का बघायला. पडला म्हणजे चेन ताणली. उन्हाकडे धरून पिना बघायच्या, एखादी केसभर जरी बाहेर आली असेल तरी. एकदा तिच्या चेनमधून वाळूचा कण निघाला, मोहरीपेक्षा लहान, तर तो मी कागदावर ठेवून बाईंच्या नाकासमोर नेला होता.

त्या शुक्रवारीही, माझ्या प्रश्नावर सगळ्या हसून झाल्यावर, मी तिची चेन मांडीवर घेऊन बसले. रविवारी निवड होती. जिल्ह्याच्या शर्यतीला आमच्या गटात शाळेतून एकच मुलगी जाणार होती. ती निलोफर असणार नाहीतर मी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला ती शर्यत हवी होती. जिल्ह्याला गेले की आईला माझ्या सायकलमागून गाडीत बसून यावं लागलं असतं, पूर्ण रस्ताभर, फक्त माझ्या मागून.

एक कडी आखडलेली सापडली. मी उभी राहिले. "बाई, निलोफरच्या चेनमध्ये एक कडी नीट वाकत नाही."

बाई आल्या, कडी बघितली आणि निलोफरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "काढू या हं."

काढू या हं. असं त्या मला आयुष्यात कधी म्हणाल्या नव्हत्या.

मग निलोफर उठली. माझ्या चेनकडे एकदा बघितलं, माझ्याकडे बघितलं. "केतकीची बरी हाय, बाई."

"बघितलीस ना नीट?"

"हो बाई."

रविवारी सकाळी धुकं होतं. काजूच्या बागांवरून ते रस्त्यावर उतरलं होतं आणि मोरीपाशी उभं राहिलं की वरचं देऊळ दिसत नव्हतं. मोरी ते देऊळ, एवढीच निवड. पण तो सगळा चढ आहे, मधे एक वळण, आणि वळणानंतर रस्ता असा उभा राहतो की ट्रक पहिल्या गिअरमध्ये येतात. बाई देवळापाशी शिट्टी घेऊन उभ्या. प्रणोतीनं खाली रुमाल टाकला आणि आम्ही निघालो.

वळणापर्यंत निलोफर पुढं होती. निळी जर्सी, पाठीवरचे खिसे हलताहेत. त्या जर्सीकडे बघतच मी पाय मारत होते. वळणावर ती बाहेरून गेली, मी आतून घातली आणि पुढं आले. आता मागं तिचा श्वास ऐकू येत होता, आणि धुक्यातून देवळाचा कळस दिसायला लागला होता, आणि त्याखाली आई. बाई नव्हे, त्या क्षणी ती मला आईच दिसली. ती माझ्याकडे बघत होती. मी उभी राहिले आणि उरलासुरला सगळा जोर पेडलवर टाकला.

टक्, असा आवाज आला. काडेपेटीची काडी मोडावी तसा. पायाखालचं पेडल एकदम रिकामं झालं, गुडघा हँडलवर आपटला आणि मी सायकलसकट रस्त्यावर.

निलोफर माझ्याजवळ आली तेव्हा तिचा वेग कमी झाला. ती थांबणार होती. तेवढ्यात वरून शिट्टी वाजली आणि पाठोपाठ आईची हाक आली, "निलोफर, थांबू नकोस. वर ये."

मी रस्त्यावर पडलेली, आणि आईच्या तोंडात पहिलं नाव निलोफरचं.

मग ती खाली आली. माझा गुडघा दाबून बघितला. "हाड ठीक आहे. सायकल घेऊन वर ये," एवढं बोलून परत वर गेली, निलोफरची वेळ लिहायला.

मी रस्त्याच्या कडेला बसून चेन गोळा केली. एक टोक हातात धरलं आणि बघतच राहिले. कडीची पट्टी फुटली होती. फुटलेली जागा अर्धी चकचकीत होती आणि अर्धी काळी. चकचकीत भाग आजचा. काळा भाग जुना, त्यात डिझेल आणि धूळ बसलेली. म्हणजे ती पट्टी आठवडाभर आधीपासूनच चिरलेली होती. आणि शेजारची पिन, मागच्या वेळी चेन तुटली तेव्हा आमच्या गावातल्या दुकानदारानं तीच परत ठोकून दिली होती, ती तर चांगली नखभर बाहेर आली होती. हे आंधळ्यालासुद्धा बोटानं कळलं असतं.

मी वर न जाता लंगडत शाळेत गेले. निलोफर वेळ लिहून झाल्यावर आधीच उतरून आली होती, पडवीतल्या नळावर तोंड धूत होती. बाकीच्या अजून देवळापाशीच होत्या. मी चेन तिच्यासमोर धरली.

"ही आज चिरलेली नाही. शुक्रवारी तुला दिसली नाही?"

तिनं जर्सीच्या बाहीनं तोंड पुसलं. "दिसली."

ती नाही म्हणेल याची मी सगळी तयारी करून आले होते. हो म्हणाल्यावर काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं.

"मग बरी आहे का म्हणालीस?"

"सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

"मी चेन बदलली असती."

"ते नंतर. आधी काय झालं असतं?" ती नळाच्या कट्ट्यावर बसली. "दिवाळीच्या आधी मी तुझी एक आखडलेली कडी सांगितली होती. आठवतंय? बाईंनी तुला सगळ्यांसमोर सोलून काढलं. 'माझ्या घरात राहून एवढं कळत नाही, लाज कशी वाटत नाही,' काय काय. मला तसं कधी बोलल्यात? जुईला? कुणाला तरी? आणि त्याच संध्याकाळी मी तुमच्या घरी जेवायला. तू ताटावरून उठून गेलीस. मी तिथंच, तुमची भाकरी हातात घेऊन. मला घास गिळवला न्हाई केतकी. तेव्हाच ठरवलं, आपण बाईंच्या मुलीची खोट काढायची न्हाई."

"म्हणून मला पडू दिलंस?"

"मला वाटलं रविवारपर्यंत टिकेल."

"आणि तू जिंकलीस."

"हो." तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "तेपण हाय. काल दिवसभर मी स्वतःलाच विचारत होते, की तुझी दया येऊन गप्प बसलीय की जिंकायचंय म्हणून. मला न्हाई कळलं. खोटं कशाला बोलू."

माझ्या हातातल्या चेनचं काळं तेल गुडघ्याला लागून झोंबत होतं. मी चेन बाजूला धरली, तशी तीच म्हणाली, "आणि माझी चेन कशी तुटत न्हाई ते बाईंना विचारत होतीस. तू असताना तुटेल कशी? दर शुक्रवारी माझी अब्रू काढतीस. तो वाळूचा कण. मी घरी जाऊन रडले होते. अम्मी म्हणाली, सोड तो संघ. पण मी म्हटलं, एवढं बारीक माझ्याकडे आजवर कुणी बघितलं न्हाई."

मला तिच्या तोंडावर चेन फेकून मारावीशी वाटत होती आणि तिच्या शेजारी बसावंसंही वाटत होतं. तीच उठली. माझ्या हातातली चेन घेतली. "चल, बाईंना दाखवू. परत निवड घेतील. मी सांगते माझी चूक झाली."

तोवर बाई खेळाच्या खोलीत आल्या होत्या. निलोफरनं सगळं सांगितलं, काहीही न लपवता. चेनची फुटलेली जागा दाखवली. बाईंनी ती खिडकीपाशी नेऊन बघितली, अर्धी काळी, अर्धी चकचकीत. त्यांना न समजायला काय झालं?

"परत निवड होणार नाही," त्या म्हणाल्या.

"पण बाई, मी खोटं सांगितलं म्हणून..."

"दुसऱ्या कुणाची चेन अशी तुटली असती तर मी उद्याच परत घेतली असती. केतकीसाठी मला नाही घेता येणार. पोरीसाठी दोनदा निवड केली म्हणतील. निलोफर, तू जाणार. आता दोघी जा."

निलोफर माझ्याकडे बघत होती. मी बाईंकडे बघत होते. दुसऱ्या कुणाची असती तर. त्यांनी ते इतकं सरळ सांगितलं, जणू वेळापत्रक वाचून दाखवत होत्या.

संध्याकाळी घरी बाबा माझ्या गुडघ्याला हळद लावत बसले होते. ते काजूच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत, आणि कुठल्याही दुखण्यावर त्यांच्याकडे हळद आणि एक विनोद असतो. "हँडल वाकलं नाही ना?" म्हणाले. "गुडघा काय, घरच्या घरी भरून येतो." आई ओट्यापाशी भाकऱ्या थापत होती. चढ उतरून आल्यापासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. आज निलोफर नव्हती, म्हणून तव्यावरची पहिली भाकरी माझ्या ताटात आली. मला ती खाववेना. निलोफर असती तर ती भाकरी तिला मिळाली असती, हेच डोक्यात.

"आई, तू माझी चेन कधी बघितलीयस?"

थापण्याचा आवाज थांबला.

"सगळ्यांच्या सायकलींना तू हात लावतेस. जुईचं चाक तू फिरवतेस. निलोफरची कडी तू काढून दिलीस. माझ्या सायकलला तू वर्षभरात बोट लावलं नाहीस. घरात, अंगणात उभी असते, तरी नाही."

"कुणी बघितलं तर म्हणेल, घरी जाऊन मुलीची तेवढी..."

"अंगणात कोण बघतं?"

बाबांचा हात गुडघ्यावरच थांबला होता.

"निलोफरला चीर दिसली होती," मी म्हटलं. "ती बोलली नाही, कारण मी तुझी मुलगी. तू परत निवड घेतली नाहीस, कारण मी तुझी मुलगी. प्रणोतीला, जुईला, कुणालाही माझ्याबद्दल खरं सांगायचं असलं तर आधी तुझ्या तोंडाकडे बघावं लागतं. आणि मला कधी कळणारच नाही मी चांगली आहे की वाईट."

"तू चांगली आहेस," आई म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "वळणावर आतून घेतलंस तेव्हा मी... तू तिच्यापेक्षा चांगली आहेस, केतकी."

हे ऐकण्यासाठी मी काय काय केलं असतं. आणि ते आता आलं, स्वयंपाकघरात, जिथं ऐकायला बाबांशिवाय कुणी नव्हतं.

"हे तू उद्या पडवीत म्हणशील? सगळ्यांसमोर?"

आईनं पीठ लागलेल्या हातांकडे बघितलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, ती बाबांनी उठून उलटली.

"मग मी जूनपासून गडहिंग्लजच्या शाळेत जाणार," मी म्हणाले. "नववीला. तिथं सायकलचा संघ आहे, मी चौकशी केलीय."

"एवढ्याशासाठी शाळा बदलतात होय गं?" बाबा म्हणाले. त्यांना अजून हे विनोदावर न्यायचं होतं. "रोज एसटीनं हाडं खिळखिळी होतील."

"सायकलनं जाईन."

"हरलीस म्हणून रुसून चाललीस," आई म्हणाली.

"रुसले असते तर संघ सोडला असता. मी शर्यत सोडत नाहीये. फक्त तुझ्या शाळेकडून उतरणार नाही." गुडघा ठणकत होता, तरी मी उभी राहिले, कारण हे बसून सांगण्यासारखं नव्हतं. "पुढच्या वर्षी जिल्ह्याला मी येईन, दुसऱ्या शाळेकडून. तू निलोफरच्या मागून गाडीत ये, माझ्या मागून नको. तिची तयारी चांगली करून घे, आई. मला तिला हरवायचंय, आणि ती पूर्ण तयारीत असतानाच हरवायचंय."